लेथवरचं पॅकिंग : आमच्या पहिल्या फियाटचं एक प्रकरण

आमची पहिली गाडी १९९२ ते १९९९ अशी सात वर्षं आमच्याकडे होती. त्यातल्या पहिल्या तीन वर्षांत ती एकाच पद्धतीने चौदा वेळा बंद पडली. या काळात तीन गॅरेजांनी तिच्या तीन वेगवेगळ्या दुरुस्त्या केल्या, आणि प्रत्येक वेळी आम्हाला वाटलं की आता रोग गेला. रोग गेला नव्हता. का गेला नव्हता आणि शेवटी तो कसा सापडला, हे मला नीट लिहून ठेवायचं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपल्याची बातमी वाचली, तेव्हा माळ्यावरची बाबांची वही काढली. पुढच्या तारखा, वेळा आणि आकडे त्या वहीतले आहेत.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८४ चं मॉडेल, रंग पांढरा. कागदावर पद्मिनी, पण आमच्याकडे तिला सगळे फियाटच म्हणायचे, कारण कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी आधी फियाट ११०० म्हणून बनायची आणि नाव बदललं तरी लोकांच्या तोंडून फियाट गेली नाही. चार सिलिंडरचं १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टेअरिंगखाली, पुढे सलग बाकासारखी सीट. त्या सीटवर बाबा, आजी आणि मधे मी, अशा आम्ही तिघं बसायचो. बाबा पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता होते. ऑगस्ट १९९२ मध्ये त्यांनी ती ४२ हजारांना घेतली, तेव्हा मीटरवर ६८ हजार किलोमीटर होते. त्याआधी आमच्याकडे स्कूटर होती आणि आजीला स्कूटरवर बसता येत नव्हतं. गाडी घेण्याचं खरं कारण ते. आजी वाईजवळच्या गावी राहायची आणि तिला डोळ्यांसाठी वरचेवर पुण्याला आणावं लागे.

साइटवर मोजमापाचं पुस्तक ठेवायची सवय असल्यामुळे बाबांनी गाडीचीही वही घातली. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. पुढून पेट्रोल आणि किलोमीटर, मधे दुरुस्ती आणि खर्च, आणि मागून उलट्या बाजूने 'रस्त्यात बंद'. वहीचे हे तीन भाग वेगवेगळे होते, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

पहिली नोंद १८ एप्रिल १९९३ ची, रविवारची. सकाळी साडेदहाला पुण्याहून निघालो. कात्रजचा घाट चढलो, शिरवळला थांबलो नाही, सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या पुढे खंबाटकीचा घाट लागला. तेव्हा बोगदा नव्हता, येणारी-जाणारी सगळी वाहनं घाटातूनच. ऊस आणि वाळूच्या ट्रकांमागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगत वर आलो आणि घाटातल्या देवळापाशी आईने हात जोडायला थांबायला सांगितलं. पंधरा मिनिटं थांबलो असू. परत आलो तर गाडी चालू होईना. सेल्फ, म्हणजे इंजिनला सुरुवातीचा फेर देणारी मोटर, जोरात फिरत होता, म्हणजे बॅटरी चांगली. इंजिन एकदा फुरफुरलं आणि गप्प झालं. बाबांनी चोक ओढून पाहिला, उतारावर ढकलून पाहिलं. एका ट्रकवाल्याने बॉनेटमध्ये डोकावून "गरम झालीये, थंड होऊ द्या" एवढं सांगितलं. चाळीस मिनिटांनी ती आपली आपण चालू झाली आणि वाईपर्यंत एकदाही कुरकुरली नाही.

वहीत त्या दिवसापुढे लिहिलंय : "रेडिएटरमधून वाफ नाही. पाणी पुरेसं. मग गरम काय झालं?"

हा प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर मिळायला दोन वर्षं लागली.

तीन दुरुस्त्या

मे १९९३ मध्ये ती आणखी दोनदा अशीच बंद पडली. पुण्यातल्या एका गॅरेजवाल्यांनी सांगितलं की पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या कार्बोरेटरमध्ये कचरा आहे. कार्बोरेटर उतरवला, जेट फुंकून साफ केले, किट बदललं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी परत आली आणि त्यानंतर पावसाळाभर, दिवाळीत, थंडीत एकदाही अडली नाही. बाबांनी त्या मेस्त्रींकडे पेढे नेऊन दिले.

मार्च १९९४ च्या शेवटी ती स्वारगेटच्या चौकात सिग्नलला बंद पडली, दुपारी दीड वाजता, चहूबाजूंनी हॉर्न वाजत असताना. आता दुसरं गॅरेज. त्यांचं म्हणणं, हा इलेक्ट्रिकलचा रोग : प्लगच्या ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल तापली की स्पार्क मरतो. हे म्हणणं चुकीचं नव्हतं. जुनी कॉइल तापल्यावर खरोखरच असा दगा देते आणि गार झाली की पुन्हा चालते, लक्षणं हुबेहूब हीच. कॉइल, कंडेन्सर, पॉइंट आणि चार प्लग बदलले. १ मे रोजी, महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीत, खंबाटकीत गाडी पुन्हा त्याच देवळापाशी अडली.

तिसऱ्या ठिकाणी रेडिएटर उतरवून सळ्या घालून साफ केला आणि इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारा थर्मोस्टॅट काढून टाकला. "घाटाच्या गाडीला हा पाहिजेच कशाला," असं त्यांचं मत. थर्मोस्टॅट काढणं हे नुकसानच होतं. त्या थंडीत इंजिन गरम व्हायला फार वेळ घ्यायचं, पेट्रोलही जास्त जायचं, आणि पुढे आम्ही तो परत बसवला. पण हे काम झालं मेच्या अखेरीस. जून लागला, पाऊस पडला आणि गाडी सुतासारखी सरळ झाली.

आज वही वाचताना हे एका नजरेत दिसतं. प्रत्येक दुरुस्तीला यश दिलं ते पावसाने. कार्बोरेटर साफ केला आणि पाऊस आला, रेडिएटर साफ केला आणि पाऊस आला. ज्यांची कॉइल भर एप्रिलमध्ये बसली, त्या बिचाऱ्यांचं काम तेवढं लगेच नापास ठरलं. खरं तर तिघांचीही कामं आपापल्या जागी प्रामाणिक होती. प्रत्येकाने जे त्याला उत्तम जमत होतं ते दुरुस्त केलं. आणि आम्हीही प्रत्येकाला सांगताना "गाडी गरम झाली की बंद पडते" एवढंच सांगत होतो. कधी, किती वेळाने, कुठे, किती थांबल्यावर, हे वहीत असूनही वही कुणाला दाखवली नव्हती.

मधल्या काळात फडक्याचा उपाय आला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांची ही जुनी युक्ती. उन्हाळ्यात फियाट अडली की बॉनेटखालच्या, टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलं फडकं ठेवायचं. बाबांना ती ऑफिसातल्या ड्रायव्हरकाकांनी सांगितली. आजीने आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचा हातभर तुकडा फाडून दिला, सुती, अनेक धुण्यांनी मऊ पडलेला, एका कडेला लाल काठ राहिलेला. तो आणि पाण्याची बाटली डिकीत कायमची राहू लागली. फडकं ठेवलं की गाडी दहा मिनिटांत चालू व्हायची, नाही ठेवलं तर चाळीस-पन्नास मिनिटांत. उपाय मिळाला म्हणून सगळे खूश होते. बाबा नव्हते. "फडक्याने बरं होतं म्हणजे पंपाचं दुखणं आहे. पण पंपाला दुखतं कशाने?" असं ते आईला म्हणायचे. आई म्हणायची, "अहो, चालतेय ना? मग चालवा." आजीला उन्हात घाटात बसवून ठेवावं लागतं, हे बाबांना सहन होत नव्हतं. ते बोलून दाखवत नसत, पण गाडी अडली की आधी छत्री उघडून आजीवर धरायचे आणि मग बॉनेटकडे जायचे.

वाईचे मेस्त्री

एप्रिल १९९५ च्या अखेरीस आम्ही गावी होतो. वाईच्या बाजारात एका वयस्कर मेस्त्रींचं छोटं गॅरेज होतं. आयुष्यभर ट्रक आणि जीप दुरुस्त केलेला माणूस. बाबांनी सगळी हकिकत सांगायला सुरुवात केली, काय काय बदललं ते. मेस्त्रींनी हात वर केला.

"काय काय बदललं ते ऱ्हाऊ द्या, साहेब. ती बंद कवा पडती, तेवढं सांगा."

बाबांनी पिशवीतून वही काढली आणि मागची पानं उघडली. मी तेव्हा नववीत जाणार होते. मला आठवतं, मेस्त्रींनी काळे हात विजारीला पुसले, चष्मा लावला आणि बोट फिरवत चौदाच्या चौदा नोंदी वाचल्या. मधेच बाबांना विचारून खात्री करून घेत होते. त्यातून निघालं ते असं. चौदाही वेळा मार्चचा तिसरा आठवडा ते जूनचा पहिला आठवडा. चौदाही वेळा सकाळी अकरा ते दुपारी चार. रात्री एकदाही नाही. गार इंजिन चालू केल्यावर पहिल्या वीस मिनिटांत एकदाही नाही. आणि बारा वेळा गाडी आधी घाटात किंवा गर्दीत तापली, मग दहा ते पंचवीस मिनिटं बंद करून ठेवली, आणि त्यानंतर चालू झाली नाही. चालू असताना अडली ती फक्त दोनदा, एकदा स्वारगेटच्या सिग्नलला आणि एकदा ट्रकमागे अगदी हळू चालताना.

"ही पळताना मरत न्हाई, बसल्यावर मरती," मेस्त्री म्हणाले. "उद्या बसवू तिला."

दुसऱ्या दिवशी, सोमवारी १ मे १९९५ ला, बरोबर बारा वाजता ते आमच्यासोबत गाडीत बसले आणि आम्ही पाचगणीच्या रस्त्याने पसरणीचा घाट चढलो. खाली कृष्णेचं पात्र आणि वाईची कौलं दिसतात त्या एका वळणावर गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, बॉनेट मुद्दाम उघडलं नाही. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. मग सेल्फ मारला. अडली. अडल्याचा आनंद झालेला माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी डोळ्यांत साठवून ठेवलंय. एका वेळी एकच गोष्ट. आधी रेडिएटरच्या नळीवर हात ठेवला. तापलेली, पण उकळलेली नाही. मग एका प्लगची वायर काढून टोक इंजिनच्या धातूजवळ धरलं आणि बाबांना सेल्फ मारायला सांगितला. टक टक टक, निळा स्पार्क. कॉइल ठीक. मग मागे जाऊन पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून कान लावला. झाकणाचं हवेचं भोक बुजलं तर टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल पुढे येत नाही, उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज येतो. आवाज नाही. मग आम्हाला सगळ्यांना लांब उभं केलं, कार्बोरेटरकडे जाणारा पाइप काढून त्याचं टोक काचेच्या बाटलीत धरलं आणि पुन्हा सेल्फ. बाटलीत पेट्रोल आलं नाही. फेस आला. साबणाच्या पाण्यासारखे बुडबुडे आणि मधूनच एखादा थेंब.

"बघा साहेब, ग्यास झालंय."

शेवटी आजीचं फडकं. ते त्यांनी आधी कॉइलवर ठेवलं, पंपावर नाही. पाच मिनिटं. काही फरक नाही. मग पुन्हा भिजवून पंपावर. पाच मिनिटांनी सेल्फ मारला तर बाटलीत थुंकल्यासारखं पेट्रोल आलं आणि मग धार लागली. फडक्याने गाडी चालू होते हे आम्हाला दोन वर्षं माहीत होतं. पण ते वेगळ्या जागी ठेवून पाहावं, म्हणजे नुसत्या थांबण्याने बरं वाटतं की पंप गार झाल्याने, हे कळेल, हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं.

पंपाच्या पोटात काय होतं

हे इथे सांगितलंच पाहिजे, कारण आजच्या गाड्यांत हा पंप राहिलेला नाही. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनच्या अंगावरच बोल्टने बसवलेला असे. इंजिन फिरलं की कॅमशाफ्टमुळे त्याची दांडी हलते, आतला लवचीक पडदा, म्हणजे डायाफ्राम, वर-खाली होतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देतो. ओढतो म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, आणि दाब कमी झाला की कुठलाही द्रव लवकर उकळतो. पेट्रोल हे अनेक द्रवांचं मिश्रण. त्यातला सर्वांत हलका भाग साधारण ३५-४० अंशांनाच वाफ व्हायला लागतो. वाफ दाबली की दबते, सोडली की फुगते. म्हणून डायाफ्राम नुसता त्या वाफेशी खेळत राहतो आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. घाटावर हवा विरळ, तेवढी भर पडते. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्यांत पंप टाकीतच बुडालेला असतो आणि तिथून पेट्रोल दाबाने ढकलतो, त्यामुळे हा प्रश्न जवळजवळ संपला.

गाडी चालू असताना पंप वाचतो, कारण टाकीतून येणारं ताजं पेट्रोल त्यातून वाहत असतं आणि पंख्याचा वारा लागतो. बंद केली की पंखा थांबतो, पाण्याचं फिरणं थांबतं, पेट्रोल जागच्या जागी उभं राहतं आणि तापलेल्या इंजिनची उष्णता शेजारच्या प्रत्येक वस्तूत शिरते. म्हणून 'बसल्यावर मरती'.

पण एवढं सगळ्याच फियाटांना लागू होतं. मग आमचीच इतकी का? शेजारच्या कुलकर्णी काकांची पद्मिनी तर नागपूरला मे महिन्यात जाऊन आली होती. याचं उत्तर मेस्त्रींनी त्याच संध्याकाळी गॅरेजच्या पत्र्याखाली दिलं. पंपाचे बोल्ट सोडले, पंप अलगद बाहेर घेतला. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये एक जाड पॅकिंग असतं. मूळचं ते बेकेलाइटचं, काळपट-तपकिरी. जुन्या विजेच्या बटणांचं असे तेच बेकेलाइट, जे उष्णता पुढे जाऊ देत नाही. आमच्या गाडीत तिथे एक चकचकीत रुपेरी तुकडा होता. मेस्त्रींनी नखाने खरवडला.

"ॲल्युमिनियम. ही कुणी बसवली?"

मी म्हणाले, माहीत नाही. बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी वहीची मधली पानं उघडली, दुरुस्तीची. फेब्रुवारी १९९३, पहिल्यांदा बंद पडण्याच्या दोन महिने आधीची नोंद, त्यांच्याच अक्षरात : "पंप किट ६५. पॅकिंग लेथवर ८. मजुरी ४०."

पंपाचं किट बदलताना जुनं बेकेलाइट तडकलेलं निघालं होतं. त्या गॅरेजमधल्या मुलाने विचारलं होतं, "साहेब, नवीन मिळायला दोन दिवस लागतील, लेथवर बनवून देऊ का?" आणि बाबांनी हो म्हटलं होतं, कारण दुसऱ्या दिवशी आजीला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. लेथवाल्याने काम उत्तम केलं होतं. जाडी अगदी मूळच्याइतकी. जाडी चुकली असती तर पंपाच्या दांडीचा फेर चुकला असता, पेट्रोल कमी-जास्त झालं असतं आणि चूक आठवडाभरात सापडली असती. माप बरोबर होतं म्हणून धातू चुकल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही. ॲल्युमिनियममधून उष्णता बेकेलाइटच्या हजारेक पट सहज जाते. म्हणजे जी वस्तू भिंत म्हणून होती, तिच्या जागी आम्ही खिडकी बसवली होती.

आणि ती ओळ दोन वर्षं त्याच वहीत होती. चौदा वेळा बाबांनी मागची पानं उघडली, कारण गाडी बंद पडली की 'रस्त्यात बंद' भरायचं. खर्चाच्या पानांवर ते हिशोबापुरते जायचे. दोन्ही बाजू शेजारी ठेवून पाहिल्या असत्या, तर 'पहिल्यांदा कधी बंद पडली' याच्या लगेच आधी 'काय बदललं' हे दिसलं असतं. मला वाटतं, वही ठेवण्यातली आमची चूक एवढीच होती. ठेवली नसती तर मात्र मेस्त्रींकडेही सांगायला काही नसतं.

बाबांनी त्या दिवशी मेस्त्रींना किती पैसे द्यायचे ते विचारलं. त्यांनी पंप परत बसवण्याचे वीस रुपये घेतले आणि पुण्यातून नाना पेठेतून नवीन पॅकिंग आणायला सांगितलं. "बेकेलाइटचंच मागा, आणि दुकानातच हातात घेऊन बघा." ते चौदा रुपयांना मिळालं. पेट्रोलचा पाइप इंजिनला अगदी चिकटून गेला होता, तोही बाबांनी वाकवून दोन बोटं लांब घेतला. म्हणजे काटेकोरपणे बोलायचं तर दोन गोष्टी एकदम बदलल्या, आणि किती फायदा कशाने झाला हे वेगळं सांगता येत नाही. पॅकिंगचा वाटा मोठा होता याबद्दल मला शंका नाही.

पुन्हा देवळापाशी

२१ मे १९९५ ची नोंद : "खंबाटकी, दुपारी १२.४०. देवळापाशी मुद्दाम २५ मि. थांबलो. एका सेल्फला चालू. फडकं वापरलं नाही."

आई म्हणाली, झालं, सुटलं एकदाचं. बाबा म्हणाले, पाऊस यायचाय अजून, आत्ता काही म्हणू नको. आधीच्या दोन जूनांनी त्यांना शिकवलं होतं. पूर्ण एक उन्हाळा कोरडा गेल्याशिवाय ते मानायला तयार नव्हते. म्हणून १९९६ चा मार्च लागल्यापासून प्रत्येक फेरीत, पुण्यात असो वा घाटात, ते गाडी तापवून वीस मिनिटं बंद ठेवायचे आणि मग सेल्फ मारायचे. नऊ फेऱ्या. मागची पानं कोरी राहिली.

शेवटची फेरी २ जून १९९६ ची. आजीच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि आम्ही तिला गावी सोडायला निघालो होतो. हिरव्या चष्म्यातली आजी पुढच्या सीटवर खिडकीशी, मधे मी. देवळापाशी बाबांनी गाडी लावली आणि घड्याळ बघत बसले. आजीला पॅकिंगचं सगळं समजावून झालं होतं, पण तिचा त्यावर फारसा विश्वास नव्हता. तिने लुगड्याचा तो तुकडा घरूनच भिजवून प्लास्टिकच्या पिशवीत घालून मांडीवर ठेवला होता. वीस मिनिटं झाली. बाबांनी सेल्फ मारला, गाडी चालू झाली. आजीने थोडा वेळ इंजिनचा आवाज ऐकला. मग पिशवीतून फडकं काढलं, पिळलं, त्याने माझं तोंड पुसलं, स्वतःची मान पुसली आणि म्हणाली, "चल रे."